गाळ काढण्याची सभा

मी नक्की काय नोकरी करत होते, हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. सुरतेला गोडादऱ्यात आमच्या शेजारच्या बायका विचारायच्या, "तुमची पोरगी रोज सकाळी जाते कुठे?" आई साड्यांवर टिकल्या चिकटवता चिकटवता, मान वर न करता अहिराणीत सांगायची, "ती खेडास्मा जास, लोके गोया करस, भांडनं लावस, आनि मंग तीच मिटाडस." खेड्यांत जाते, लोक गोळा करते, भांडणं लावते आणि मग तीच मिटवते. आमच्या संस्थेचे अहवाल गुळगुळीत कागदावर छापून यायचे, पण माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन त्यांत एकदाही आलं नाही.

संस्थेचं नाव सांगत नाही. ती सांगण्याइतकी मोठी नव्हती, आणि आता आहे की नाही तेही मला ठाऊक नाही. काम मात्र सांगते, कारण निवृत्त झाल्यावर नातवंडंही आईचाच प्रश्न विचारायला लागली आहेत.

गावात एखादं तळं असतं, गायरान असतं, पाण्याची टाकी असते. त्यांची राखण करायला लोक समिती करतात. समिती करणं सोपं असतं. सतरंजी अंथरायची, चार माणसं आणि दोन बायका बसवायच्या, चहा मागवायचा. पण तळं कागदोपत्री असतं पंचायतीचं. म्हणजे जपायचं समितीने आणि त्याचं काय करायचं ते ठरवायचं पंचायतीने. घर सगळं सुनेने चालवावं आणि किल्ल्या सासूच्या कमरेला असाव्यात, तसला हा संसार. सरपंच चांगला असला तर ठीक चालतं. तो बदलला की नवा विचारतो, "ही समिती कुणाची? कुणी नेमली?" आणि वर्षानुवर्षं राबलेली माणसं एका दिवसात उपरी ठरतात. माझं काम होतं या सासू-सुनेला एका चुलीवर आणण्याचं. समितीला ग्रामसभेच्या ठरावाने पंचायतीची पोटसमिती करून घ्यायची, म्हणजे पुढे कुणी आलं तरी राखणाऱ्याला उठवता येऊ नये. एवढंच काम. यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि केस पांढरे झाले.

या कामात दोन प्रकारच्या माणसांशी फार गाठ पडते. पहिला तलाटी. आपल्याकडचा तलाठी गुजरातेत तलाटी होतो. ठ गेला म्हणजे माणूस जरा मवाळ झाला असेल, अशी माझी सुरुवातीला समजूत होती. तसं काही नसतं. तलाट्याकडे गावं अनेक असतात, त्यामुळे तो कायम दुसऱ्या गावात असतो. या गावात विचारलं तर त्या गावात, त्या गावात गेलं तर तालुक्याला. शेवटी मला एक युक्ती सापडली. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या चौकात एक लोचोची लारी, म्हणजे हातगाडी, होती. लोचो म्हणजे वाफवलेल्या डाळीचा सुरती प्रकार, ढोकळा बिघडला की जे होतं ते. परिसरातले सगळे तलाटी सकाळी तिथे हमखास सापडायचे. मी माझी अर्धी सरकारी कामं त्या लारीवर उभ्याने केली, आणि त्या लारीवाल्याला सगळे प्रशासनाचा माणूस समजायला लागले.

दुसरा प्रकार म्हणजे समितीत स्वतःहून येणारा माणूस. एका गावात गायरान राखायची समिती केली, तर लोकांनी अध्यक्ष म्हणून निवडला कोण? ज्याने गायरानाचा एक तुकडा आधीच गिळला होता तो. मी हादरले. एक आजोबा मला समजावून म्हणाले, "बेन, चोरने ज चावी आपीए तो ए बीजा चोरने पेसवा नी दे." चोरालाच किल्ली दिली की तो दुसऱ्या चोराला आत शिरू देत नाही. आणि खरोखर त्या माणसाने पुढे गायरानात कुणाला पाऊल ठेवू दिलं नाही. त्याचा स्वतःचा तुकडा मात्र त्याच्याकडेच राहिला. तो सोडवून घेता आला नाही याची चुटपुट मला अजून आहे.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट तळ्याची.

कडोदऱ्याच्या जवळच एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अंक मागवून वाचतील आणि चुका काढायला माझ्या घरी येतील. गाव म्हणायचं, पण एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने. मधोमध तळं. तळ्याच्या उथळ बाजूला मंगूबेनचा शिंगाडा.

मंगूबेन म्हणजे तळे समितीची प्रमुख. शेतमजुरी करणाऱ्या हळपती आदिवासींच्या वाडीतली, काटकुळी, वय विचारलं तर "जनमी तेवारनी" म्हणजे 'जन्मले तेव्हापासूनचं' असं सांगणारी. ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब घेऊन ती पाण्यात उतरायची आणि तिच्यावर तरंगत वेलाखालचे शिंगाडे खुडायची. शिंगाड्याच्या वेलाला कमरेएवढं पाणी लागतं. फार खोल चालत नाही, कोरडं चालत नाही. तळ्याचा तेवढाच एक कोपरा तिच्या कामाचा होता आणि तिच्या घरातल्या सगळ्यांची पोटं त्या कोपऱ्यावर होती. वेलांना ती लेकरांसारखी जपायची. लेकरांना मात्र शिंगाड्यासारखी सोलायची.

समोरच्या काठावर एका शेतकऱ्याने खोल्यांची लांबलचक रांग बांधली होती. त्यात सगळे आपले खानदेशी. धुळ्याकडचे, जळगावकडचे, नंदुरबारकडचे. पुरुष कडोदऱ्याला लूमवर, बायका घरी साडीकामाला. त्या रांगेची पुढारी कोकिळाबाई. नाव कोकिळा, आवाज लूमपेक्षा मोठा. या बायका तळ्यावर धुणं धुवायच्या, त्यांची पोरं डुंबायची, आणि डुंबता डुंबता मंगूबेनचे वेल तुटायचे. मंगूबेन या काठावरून ओरडायची, कोकिळाबाई त्या काठावरून. एकीला अहिराणी कळत नव्हती, दुसरीला सुरती धड येत नव्हती, पण भांडणात कधी खंड पडला नाही.

आणि सरपंच होते रमणभाई. माणूस लाख. कुणाला 'नाही' म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे त्यांची भाषा शिकून घ्यावी लागायची. 'थई जशे' म्हणजे होऊन जाईल, म्हणजे होणार नाही. 'जोईशुं' म्हणजे बघू, म्हणजे अजिबात होणार नाही. आणि 'तमे चा पीवो', तुम्ही चहा घ्या, असं म्हणाले की समजायचं, गोष्ट झालेली आहे, पण उलटी.

एके दिवशी मी पंचायतीत गेले आणि रमणभाईंनी मी बसायच्या आत चहा मागवला.

तळ्याचा उथळ कोपरा बुजवायचा आणि तिथे टेम्पो उभे करायला जागा करायची, असं त्यांच्या मनात होतं. त्यांचंही चूक नव्हतं. साड्यांची पार्सलं नेणारे टेम्पो गावाच्या एकुलत्या रस्त्यावर उभे राहायचे, शाळेच्या पोरांना वाट मिळायची नाही. "अने तळाव क्यां रह्युं छे, बेन?" रमणभाई म्हणाले. तळं आता उरलंय कुठे? नुसता चिखल. तेही खरं होतं. तळं चिखलाने इतकं भरून आलं होतं की शिंगाडा हाताशी येण्याआधीच कोपरा सुकायला लागायचा.

मी म्हटलं, मग बुजवण्याऐवजी उपसू या. ते म्हणाले, ग्रामसभेत मांडा, लोक म्हणतील तसं.

ग्रामसभा शाळेच्या ओसरीवर भरली. मी तयारी करून गेले होते. माझं गुजराती बरं आहे, पण मी शिकले पालिकेच्या मराठी शाळेत, आणि अंगात आलं की मराठीतून विचार करते. त्या दिवशी अंगात आलं होतं. तळ्यात साठतो त्याला आपण गाळ म्हणतो. गुजराती त्याला कांप म्हणतात. आणि गुजरातीत गाळ म्हणजे शिवी. आपण 'शिवीगाळ' म्हणतो त्यातली गाळ. पण हे सगळं नंतर आठवायचं, भाषण करताना नाही.

मी भरसभेत उभी राहून माझ्या गुजरातीत सांगितलं की आपल्या तळ्यात फार गाळ साठली आहे. ही आजची नाही, बापजाद्यांपासूनची आहे. आपण बायका-पुरुष सगळ्यांनी मिळून गाळ काढू या. लाज बाळगू नका. सरपंचांपासून सुरुवात करू. आणि काढलेली गाळ ज्याने त्याने आपापल्या शेतात न्यावी, पीक जोमदार येतं.

आधी कुणी हसलं नाही. तलाटी, जो चुकून त्या दिवशी आमच्याच गावात होता, त्याने रुमालाने तोंड झाकलं. मग वाडीतले एक म्हातारे काठी टेकत उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "मराठीबेन, गाळ तो अमने घणी आवडे. पण सरपंचथी शरू करवानी?"

गुजरातीत 'आवडे' म्हणजे येतं, जमतं. शिव्या आम्हाला पुष्कळ येतात, असं त्यांना म्हणायचं होतं. पण आवडणं या शब्दाचा मराठी अर्थही त्या क्षणी खोटा नव्हता. सभा फुटली. माणसं ओसरीवरून खाली पडायची बाकी राहिली. रमणभाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला कुणीतरी अर्थ सांगितला तेव्हा धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आणि एवढ्यात मंगूबेन उठली. "बेने कीधुं छे तो काढुं," बाईंनीच सांगितलंय तर काढते, असं म्हणून तिने खरंच सुरुवात केली. कोपरा बुजवायचा बेत कुणाच्या डोक्यातून निघाला, त्या डोक्यात काय भरलंय, तळं बुजवल्यावर ते डोकं कुठे बुचकळणार, असं सगळं. एकही शब्द इथे छापण्यासारखा नाही.

रमणभाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं, कारण लोक हसत होते आणि हसणाऱ्या सभेत चिडता येत नाही. मंगूबेनचं झालं तसे बाकीचे उठले. कुणी टेम्पोवाल्यांना, कुणी टाकीचं पाणी सोडणाऱ्याला, कुणी तलाट्याला. ठराव त्या दिवशी झाला नाही, सगळ्यांचे घसे बसले म्हणून सभा पुढे ढकलली. पण जाताना मला जाणवलं की गेल्या कित्येक सभांत जी माणसं गप्प बसून अंगठा देऊन जायची, ती आज पहिल्यांदा बोलली.

मी ती चूक सोडली नाही, धरून ठेवली. पुढच्या ग्रामसभेआधी आम्ही तळ्याच्या पाळीवर एक वेगळी बैठक घेतली. तिचं नावच पडलं 'गाळनी मीटिंग'. नियम एकच. ज्याला जे बोलायचं ते बोलावं, ज्याच्याबद्दल बोललं जाईल त्याने उत्तर द्यायचं नाही. उत्तर ग्रामसभेत. रमणभाई पहिल्यांदा तोंड पाडून आले. दुसऱ्यांदा स्वतःच्या घरून खुर्च्या घेऊन आले. पुढे मी हीच पद्धत बऱ्याच गावांत चालवली आणि बाहेरचे लोक पाहायला आले की तिला मी 'पूर्वचर्चा' असं सभ्य नाव सांगायचे.

या बैठकीला एक मोठा फायदा असा, की ती ग्रामसभा नव्हती. ग्रामसभेत गावच्या मतदारानेच बोलायचं. पाळीवर कुणीही बसावं. त्यामुळे कोकिळाबाई आणि तिच्या रांगेतल्या बायका पहिल्यांदा पाण्याला वळसा घालून या काठाला आल्या. कोकिळाबाई आणि मंगूबेन समोरासमोर बसल्या आणि एकमेकींना त्यांनी जे काही ऐकवलं, ते मी मधे बसून भाषांतर करत होते. भाषांतर म्हणजे निम्मं गिळत होते. पण तेवढ्यातूनही एक गोष्ट दोघींना कळली. टेम्पोवाले आपले टेम्पो तळ्यातच धुतात. त्या तेलाने मंगूबेनचे वेल काळे पडत होते आणि कोकिळाबाईच्या धुण्याला डाग पडत होते. वेल काळे पडायचं खापर पोरांवर फुटत होतं आणि डागांचं शिंगाड्यावर.

"हाई बाई पहिले का नही बोलनी?" कोकिळाबाई मला म्हणाली. ही बाई आधी का नाही बोलली?

मंगूबेनला मी विचारलं. ती म्हणाली, "रोज तो बोलती छूं!" रोज तर बोलतेय.

त्या दिवसापासून दोन्ही काठांचं भांडण बंद झालं असं नाही, पण ते घरातल्यासारखं झालं. लूमची सुट्टी असायची त्या दिवशी रांगेतले पुरुष फावडी घेऊन यायचे, वाडीतली माणसं यायची, आणि चिखलाच्या पाट्या हातोहात वर यायच्या. शेतकरी ट्रॅक्टर आणून तो नेत होते.

एवढं होऊनही गोष्ट ठरावावर अडली. टेम्पोवाले आणि त्यांचे भाऊबंद सगळे गावचे मतदार, सभेला एकगठ्ठा येणारे. वाडीतली निम्मी माणसं ऊसतोडीला बाहेर. खोल्यांच्या रांगेत माणसं भरपूर, पण त्यांतल्या एकाचंही मत त्या गावात नव्हतं. सभा झाली असती तर हात वर करण्यात मंगूबेन हरली असती आणि तिच्या कोपऱ्यात मुरूम पडला असता. ती हे ओळखून होती. त्या दिवसांत ती ट्यूब घेऊन पाण्यात जायची आणि काही न खुडता नुसती पडून राहायची. मला ते बघवायचं नाही.

आपल्या खानदेशी माणसाची ही एक खोड सांगायला हवी. वर्षानुवर्षं सुरतेत राहील, गॅस इथला, रेशन इथलं, पोरं गुजराती शाळेत शिकून घरी आईला 'मम्मी, भूख लागी' म्हणणारी. पण मत मात्र गावाकडे. निवडणूक आली की भुसावळकडच्या गाड्या भरून जातात. मत हलवायचं म्हणजे गावाने आपलं नाव टाकल्यासारखं वाटतं. कोकिळाबाईचा तर सख्खा दीर तिकडे पंचायतीला उभा राहायचा. या रांगेतली मतं त्याच्या हक्काची.

मी तिला सगळं सांगितलं. मत इथे आणलंत तर सभेत हात वर करता येईल. पण मत एकाच ठिकाणी असतं. तिकडचं जाईल. काय करायचं ते मी सांगणार नाही, असंही सांगितलं. त्यानंतर काही दिवस ती मला टाळत होती. मी समजून गेले की झालं, आता मंगूबेनला काय सांगायचं त्याची तयारी करायला हवी.

मग एका सकाळी मी पाळीवरून जात असताना तिने धुण्याच्या दगडावरून हाक मारली. हातातली चादर पिळत म्हणाली, "तठे मी पाच वरीसम्हा एक दिन मत देवाले जास. आठे रोज धुनं धोस." तिकडे पाच वर्षांत एक दिवस मत द्यायला जाते. इथे रोज धुणं धुते. "तूच सांग ताई, मन्हं गाव कोनतं?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. चादर झटकून दोरीवर टाकली. त्या महिन्यात ती रांगेतल्या एकेका खोलीत जाऊन बसली, नवऱ्यांशी भांडली, बायकांना पटवलं, आणि जवळजवळ सगळ्या रांगेने आपली नावं त्या गावात आणली.

आता पुढचं ऐका. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. गावात एक अख्खी रांग नव्या मतदारांची उभी राहिली आहे, ही बातमी रमणभाईंच्या कानावर गेली आणि त्यांना तळं आवडायला लागलं. मराठी अर्थाने. ते पाळीवर नारळ घेऊन आले. पाण्याकडे पाहून म्हणाले, तळं म्हणजे गावाची शोभा. टेम्पो उभे करायला हायवेच्या बाजूची एक पडीक जागा होती, जी आजवर काही केल्या मिळण्यासारखी नव्हती. ती मिळाली. ग्रामसभेत रमणभाईंनी स्वतःच ठराव मांडला, तळं बुजवायचं नाही, समितीला पंचायतीची पोटसमिती करायची, आणि तिच्यात मंगूबेनबरोबर कोकिळाबाईलाही घ्यायचं. हात मोजायची वेळच आली नाही. टेम्पोवाल्यांनीही हात वर केले.

मी भूगर्भातल्या पाण्यावर, पाखरांवर, पुढच्या पिढीवर असं एक सुंदर भाषण तयार केलं होतं. कांप हा शब्द चारदा घोकला होता. ते कुणी मागितलंच नाही. खरं सांगते, थोडं वाईट वाटलं. इतकी वर्षं आपण लोकांना शहाणपण सांगत हिंडलो आणि शेवटी काम केलं मतांनी. पण मंगूबेन सभेतून उठून थेट पाण्यात गेली, अंगावरच्या साडीनिशी, आणि ट्यूबवर उताणी पडून तिने आकाशाकडे बघत जे काही म्हटलं ते ऐकून मी माझं भाषण विसरले. तेही छापण्यासारखं नाही, फक्त या वेळी ते आनंदाने म्हटलेलं होतं.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. तिकडे खानदेशात कोकिळाबाईचा दीर थोडक्यात पडला. ज्या मतांनी पडला ती कुठे गेली, हे त्याला माहीत होतं. श्रावण आला. श्रावणात आपल्याकडे कानबाई बसते. त्या वेळी सगळं कूळ एका घरी जमतं, नारळाची देवी सजवून पूजतात, आणि दुसऱ्या सकाळी तिला पाण्याकडे नेतात. कोकिळाबाई दरवर्षी त्यासाठी गावी जायची. या वर्षी तिने फोन केला तर दीर म्हणाला, "आते तू सुरतनीच व्हयनी. मंग कानबाई बी तठेच बसाड." आता तू सुरतेचीच झालीस, तर कानबाईही तिथेच बसव.

बाई दोन दिवस जेवली नाही, असं रांगेतल्या बायकांनी मला सांगितलं. मग तिने खरंच बसवली. एका खोलीत, भिंतीला नवी साडी लावून. सकाळी देवी पाण्याला निघाली तेव्हा मी गेले होते. वाजतगाजत सगळे पाळीवर आले आणि तिथे थबकले, कारण काठाला शिंगाड्याचे कोवळे वेल नुकतेच पसरलेले. पाय टाकायचा तर वेल तुटणार. मंगूबेन आधीच पाण्यात उभी होती. तिने हात पुढे केले. कोकिळाबाईने देवीचं ताट तिच्या ट्यूबवर ठेवलं आणि मंगूबेन पोहत, एका हाताने वेल बाजूला सारत, ट्यूब ढकलत खोल पाण्याकडे गेली. ट्रकच्या ट्यूबवर बसलेली कानबाई मी तरी पहिल्यांदाच पाहिली. फार छान दिसत होती.

परत आल्यावर रोट वाढायची वेळ झाली. कानबाईचे रोट ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते. घरच्या गव्हाचे असतात, आणि ते कुळाबाहेर कुणालाही देत नाहीत. शेजारणीला नाही, सोयऱ्याला नाही, लग्न झालेल्या लेकीलासुद्धा नाही. फक्त भाऊबंद खातात. आणि टाकायचे तर मुळीच नाहीत. तिकडे घर भरलेलं असायचं. इथे कोकिळाबाई, तिचा नवरा आणि दोन पोरी. परात भरलेली, आणि खोली रिकामी. नवरा खाली बघत बसला होता.

कोकिळाबाई उंबऱ्यात आली आणि ओलेत्या मंगूबेनला म्हणाली, "ये, बठ."

मंगूबेनला रिवाज माहीत होता. रांगेतल्या बायकांकडून तिने ऐकला होता. ती बाहेरच उभी राहून मला विचारायला लागली, "अमाराथी खवाय?" आम्हाला चालतं का खाल्लेलं?

मी काय सांगणार? मी खानदेशी असले तरी त्या कुळातली नाही. मी कोकिळाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, "जिना पानीम्हा मनी कानबाई जास, ती मनी भाऊबंद." जिच्या पाण्यात माझी कानबाई जाते, ती माझी भाऊबंद. आणि तिने मंगूबेनचा हात धरून तिला आत ओढलं, नवऱ्याच्या शेजारी पाटावर बसवलं आणि तिच्यापुढे रोट ठेवला.

मंगूबेन खाऊ लागली. कोकिळाबाई पाठ करून उगीचच भांडी हलवत राहिली. या कामात मी पुष्कळ ठराव करून घेतले, पण इतका पक्का ठराव दुसरा पाहिला नाही, असं मनात आलं आणि त्या आनंदात मी उंबरा ओलांडून, आपणही इतकी वर्षं इथे राबलोच आहोत या हक्काने, हात पुढे केला.

कोकिळाबाईने परात उचलून मागे घेतली.

"नही ताई, तुम्हले नही," ती म्हणाली. "तुम्हनं मत गोडादराले शे." तुमचं मत गोडादऱ्याला आहे.

मग तिने मला बाहेर खुर्ची टाकून दिली आणि चहा आणला, पाण्याचा थेंब न घातलेला, निव्वळ दुधाचा, आपण पाहुण्यांना देतो तसा.